चौमूंच्या शाळेतला दखणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत एक पुष्प आपण गुंफावे, असे चिटणीस महाशयांचे पत्र आले, तेव्हा मी प्रथम नकारच कळवणार होतो. मंडळाचा इतिहास सांगावयास माझ्यापेक्षा अधिकारी माणसे येथे पहिल्या रांगेत बसली आहेत. साहित्यावर किंवा संगीतावर बोलावे, एवढा माझा व्यासंग नाही. परंतु पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले होते, "परमुलखात वाढलेल्या मराठी मुलाच्या आठवणी सांगितल्यात तरी चालेल." या एका वाक्याने माझी सुटका झाली. आज मी माझ्या शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांविषयी बोलणार आहे. त्यांत माझ्या हातून घडलेली एक चूक आहे. पन्नास वर्षे ती मी कोठे जाहीरपणे सांगितलेली नाही. ती आज सांगावी असे वाटते, कारण तिचा संबंध आपल्या मुलांशी आहे.

माझी शाळा चौमूंची. जयपुराहून सीकरच्या रस्त्याने उत्तरेकडे तीसएक किलोमीटर गेले की हे गाव लागते. हिंदी मुलखात कोणास भोळसट म्हणावयाचे असले की 'चोमू' म्हणतात. त्यामुळे मी शाळेचे गाव सांगितले की ऐकणारा आधी हसतो आणि मग क्षमा मागतो. आजच्या तरुण मंडळींना मात्र ते गाव न कळत ठाऊक असते. २००७ साली आलेल्या 'भूलभुलैया' या चित्रपटातील तो भव्य वाडा म्हणजे चौमूंचा गढी-राजवाडा होय. आता तेथे हॉटेल आहे. आमच्या काळी त्याच्या भिंतींवर कबुतरे घुमत आणि आम्ही पोरे त्याच्या सावलीत बोरे खात बसत असू. चौमूंची बोरे आजही प्रसिद्ध आहेत.

हे ठिकाण आमेरच्या कछवाहा राजकुळातील नाथावत सरदारांचे. चौमूं आणि जवळचे सामोद ही दोन्ही नाथावतांची ठिकाणी जयपूर दरबारात पहिल्या मानाची होती. १९५२ च्या कायद्याने राजस्थानातील जहागिऱ्या गेल्या, तरी गावाच्या बोलण्याचालण्यातून ठिकाणा गेला नव्हता. वडीलधारी माणसे गढीवरून जाताना अजून आवाज खाली आणीत.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, टपालखात्यात नोकरीस होते. बदल्या होत होत ते राजस्थानात आले आणि १९७३ साली चौमूंच्या टपाल कचेरीत रुजू झाले. मी तेव्हा दहावीत होतो. त्या काळी राजस्थानात अकरावीची हायर सेकंडरी होती आणि अजमेरच्या बोर्डाची परीक्षा असे. म्हणजे माझ्या वाट्याला चौमूंच्या सरकारी शाळेची शेवटची दोनच वर्षे आली. गावात मराठी बोलणारे घर आमचे एकच. आई महिनाभर आपल्या भाषेत बोलण्यासाठी माणूस नाही म्हणून तुळशीशी बोलत असे.

पहिल्याच दिवशी वर्गात माझे नाव विचारले गेले. आमच्या आडनावात 'ळ' आहे. याआधीच्या गावातील हिंदी भाषिक गुरुजींना तो कधी साधला नव्हता. ते 'ल' म्हणत, कोणी 'ड' म्हणत, आणि मी निमूटपणे हजेरी देत असे. चौमूंत मात्र मागच्या बाकावरून एका मुलाने माझे आडनाव अगदी स्वच्छ, साताऱ्याच्या माणसाने म्हणावे तसे, उच्चारले. मी चमकून मागे पाहिले. राजस्थानी बोलीत 'ळ' आहे, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. तो मुलगा पुढे माझा जिवलग मित्र झाला. त्या बोलीत मित्राला 'भायला' म्हणतात. त्याचे नाव मी येथे घेत नाही. त्यास भायला एवढेच म्हणतो. त्याने मला त्याच दिवशी एक नाव दिले आणि ते शाळाभर झाले, 'दखणी'. दक्षिणेकडचा, म्हणजे मराठा. त्या नावात प्रेम होते, आणि, हे मला वर्षभराने कळले, एक जुनी जखमही होती.

आमच्या वर्गात तीसएक मुले होती. माळ्यांची मुले पहाटे भाजीची ऊंटगाडी भरून देऊन शाळेत येत. त्यांच्या बोटांना मेथीचा वास असे. वाण्यांची मुले गणितात पुढे. एकजण सामोदच्या बाजूच्या खेड्यातून रोज सायकलवर येई आणि वाळूचा पट्टा लागला की सायकलच खांद्यावर घेई. शाळेच्या पडवीत पाण्याच्या मडक्यांचा ओटा होता, त्यास परिंडा म्हणतात. मधल्या सुटीत तेथे सर्व वर्ग लोटे. डबे सोडले की बाजरीच बाजरी. माझ्या आईची भाकरी पातळ, पापुद्रा सुटलेली. भायल्याच्या घरची रोटी जाड, तुपाने आणि गुळाने जड झालेली. आम्ही रोज अदलाबदल करीत असू आणि प्रत्येकास दुसऱ्याचीच चांगली वाटे.

भायल्याचे आजोबा एके काळी ठिकाण्याच्या चाकरीत होते. त्यांच्या घरी माझे जाणे-येणे रोजचे झाले. त्याची आजी मला ताटात ताक घातलेली राबडी वाढी आणि घुंगटातून विचारी, "दखणी, थारी मां राजी छै?" माझी आई खुशाल आहे ना, हा तो प्रश्न. रविवारी आम्ही सारे सामोदच्या डोंगरावरील वीर हनुमानाच्या दर्शनास जात असू. हजारावर पायऱ्या आहेत. त्या चढताना संस्कृतची रूपे पाठ म्हणावयाची आणि जो चुकेल त्याने खालच्या पायरीवर परत जावयाचे, असा आमचा नियम होता. भायला कधी वर पोचलाच नाही असे आम्ही त्यास चिडवीत असू.

गणेशोत्सवात अण्णा आम्हाला मीटरगेजच्या गाडीने जयपुरास आणीत. चौमूं-सामोद स्टेशनावर कोळशाचे इंजिन लागलेली गाडी येई आणि जयपुरास उतरेपर्यंत आमचे पांढरे कपडे करडे होत. आपले मंडळ त्याच सुमारास आकारास येत होते. थोडी कुटुंबे, एक भाड्याची खोली, पितळी समया कोणाच्या तरी घरून आणलेल्या. आरतीच्या वेळी आईचा आवाज सर्वांत वर असे. वर्षभराचे मराठी ती तेथे एका संध्याकाळी वापरून घेत असे, असे मला वाटे.

आता १९७४ सालाकडे येतो. त्या वर्षी मे महिन्यात देशभर रेल्वेचा मोठा संप झाला. १८ मे रोजी आमच्याच राजस्थानात, पोखरणला, अणुस्फोटाची चाचणी झाली आणि आम्हा मुलांना आपण कोणीतरी झालो असे वाटू लागले. संप मिटल्यावर आम्ही आजोळी साताऱ्यास निघालो. जयपुराहून सवाई माधोपूरपर्यंत लहान रूळ, तेथे मोठ्या रुळाची गाडी, मग मुंबई, पुणे आणि सातारा. ते वर्ष शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीचे होते. ६ जून १६७४ या दिवसास तीनशे वर्षे झाली होती. महाराष्ट्रात जिकडे तिकडे व्याख्याने, पोवाडे, मिरवणुका. मामाने मला अजिंक्यतारा दाखवला. टपालखात्याने त्या निमित्ताने तिकीट काढले होते. अण्णांनी त्यांतील काही तिकिटे माझ्या वहीत जपून ठेवावयास दिली. जुलैत शाळा उघडली तेव्हा मी चौमूंत परतलो तो छाती दोन बोटे पुढे काढूनच. तिकिटे सगळ्या वर्गास दाखवली. भायल्याने एक मागितले, ते मी मोठ्या उदारपणे दिले.

अकरावीत कलाशाखेस इतिहास होता. आमचे इतिहासाचे गुरुजी, ज्यांना आम्ही तेथल्या पद्धतीने 'माटसाब' म्हणत असू, कमी बोलणारे गृहस्थ होते. ते मुलांकडून धडा मोठ्याने वाचून घेत आणि मग दोन-चार वाक्यांत त्यावर बोलत. दिवाळीनंतरच्या एका दिवशी जयपूर राज्याचा अठराव्या शतकाचा धडा आला. वाचण्याची पाळी भायल्याची होती.

तो इतिहास आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगतो. सवाई जयसिंग १७४३ साली वारले. त्यांचे पुत्र ईश्वरीसिंग आणि माधोसिंग यांच्यात गादीचा तंटा लागला. त्या तंट्यात मराठे सरदार पैशाच्या करारावर कधी या बाजूस, कधी त्या बाजूस उभे राहिले. १७४७ साली राजमहालच्या लढाईत ईश्वरीसिंगांची सरशी झाली. १७४८ साली बगरूच्या लढाईत होळकरांच्या फौजेने त्यांना वाकवले आणि मोठी खंडणी कबूल करून घेतली. ती देण्यास राज्यात पैसा नव्हता. १७५० च्या डिसेंबरात मल्हारराव होळकर फौजेसह जयपुरावर चालून येत असताना ईश्वरीसिंगांनी विष घेऊन आणि नागाचा दंश करवून घेऊन प्राण दिला. तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आसपास होते.

भायल्याने हे वाचले आणि शेवटी पुस्तक मिटताना माझ्याकडे पाहून हसत म्हणाला, "बाकी दखणी सांगेल. त्याच्याच घरचे होते."

वर्ग हसला. त्या हसण्यात द्वेष नव्हता, हे आज मला दिसते. त्या वेळी दिसले नाही. काही महिन्यांपूर्वी मी साताऱ्यास पोवाडे ऐकून आलो होतो. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "आमच्या घरचे लढावयास आले होते. तुमचा राजा लढावयास बाहेर निघाला नाही. अंथरुणात साप घेऊन मेला."

वर्गात एकदम शांतता पसरली. सायकलवरून येणारा तो मुलगा माझ्या शेजारी बसत असे. त्याने आपली वही उचलली आणि तो दुसऱ्या बाकावर गेला. माटसाबांनी मला शिक्षा केली नाही. ते एवढेच म्हणाले, "मेलेल्या माणसाविषयी बोलताना उभे राहिलास, हे बरे केलेस. आता बस." त्या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा लागला. भायला काही बोलला नाही. तो त्या दिवसापासून माझ्याशी चार महिने बोलला नाही.

घरी मी अण्णांना सांगितले, अर्थात माझ्या सोयीने सांगितले. त्यांच्याजवळ गो. स. सरदेसाई यांच्या 'मराठी रियासती'चे जुने खंड होते. बदलीच्या सामानात ती पेटी सर्वांत आधी बांधली जाई. अण्णांनी योग्य तो खंड काढून दिला. मी रात्रभर वाचले आणि मला पाहिजे होते ते सापडलेही. ईश्वरीसिंगांच्या मृत्यूनंतर माधोसिंग मराठ्यांच्याच पाठबळावर गादीवर बसले. १० जानेवारी १७५१ रोजी मराठी छावणीतील माणसे नि:शंकपणे जयपूर शहर पाहावयास, देवदर्शनास, बाजारहाट करावयास गेली असता शहरवासीयांनी वेशी लावून घेऊन त्यांची कत्तल केली. शेकडो माणसे मारली गेली. मी सकाळी अण्णांना ती पाने दाखवून म्हणालो, "हे त्यांच्या पुस्तकात नाही!"

अण्णा दाढी करीत होते. आरशातूनच म्हणाले, "आपली माणसे मेली ती पाने तू बरोबर काढलीस. आता त्याच्या आधीची दहा पाने पुन्हा वाच. खंडणी कोणाच्या घरातून निघत असेल, याचा विचार कर. चौमूंच्या माळ्याच्या घरातूनही निघाली असेल."

मी वाचली. आमच्या घरच्याच पुस्तकात ती पाने होती. मी ती आदल्या रात्री भरभर उलटली होती, एवढेच.

तरीही मी भायल्याची क्षमा मागितली नाही. सोळा वर्षांच्या मुलास क्षमा मागणे किती जड जाते, ते आपण सर्व जाणता. मी मधल्या सुटीत एकटा बसू लागलो. आईने डब्यातील भाकरी तशीच परत येते हे पाहिले आणि काही विचारले नाही. १९७५ च्या फेब्रुवारीत दहावीच्या मुलांनी आम्हास निरोप दिला. कचोऱ्या होत्या, भाषणे झाली, जयपुराहून छायाचित्रकार बोलावला होता. काळ्या कापडाखाली डोके घालून त्याने वर्गाचे छायाचित्र घेतले. तीन रांगा, मध्ये गुरुजन. त्या छायाचित्रात मधल्या रांगेच्या डाव्या टोकास मी आहे आणि उजव्या टोकास भायला आहे. आमच्यामध्ये अकरा मुले आहेत.

त्यानंतर आठवड्याने माटसाबांनी आम्हा दोघांना बोलावले. शाळेच्या ग्रंथालयासाठी जयपुरातील चौडा रास्त्यावरून पुस्तके आणावयाची होती, हमालीस दोन मुले हवी होती. इतर मुले असता त्यांनी आम्हा दोघांचीच निवड का केली, हे त्यांनी सांगितले नाही. गाडीत ते मध्ये बसले आणि आम्ही दोन खिडक्यांशी.

पुस्तकांचे गठ्ठे दुकानात ठेवून ते आम्हाला त्रिपोलियाच्या बाजूस घेऊन गेले. तेथे ईसरलाट नावाचा उंच मनोरा आहे. लोक त्यास सरगासूली म्हणतात. तो ईश्वरीसिंगांनी राजमहालच्या विजयाप्रीत्यर्थ १७४९ साली उभारला. माटसाब म्हणाले, "ज्याने हा बांधला, तो पुढच्याच वर्षी गेला." मग तेथून ते आम्हाला तालकटोऱ्याकडे घेऊन गेले. जयपूरच्या राजांच्या छत्र्या गैटोरला आहेत, परंतु ईश्वरीसिंगांची छत्री तेथे नाही. ती राजवाड्याच्या मागे, एकटी आहे. आम्ही तिघे तेथे उभे राहिलो. माटसाबांनी आम्हास पुस्तकात नसलेली एक गोष्ट सांगितली. ईश्वरीसिंगांचा केशवदास नावाचा एक कर्तबगार दिवाण होता. मराठ्यांशी बोलणी तोच सांभाळीत असे. दरबारातील हरगोविंद नाटाणीच्या चिथावणीने राजाने आपल्या हाताने या दिवाणास विष दिले. त्यानंतर संकटकाळी शब्द टाकावयास कोणी उरले नाही. "राजा भित्रा नव्हता," माटसाब म्हणाले, "एकटा पडला होता. आणि आपल्याच करणीने एकटा पडला होता. दखण्यांनी त्याच्या दाराशी फौज आणली हे खरे. घरातला माणूस त्याने स्वतःच घालवला होता, हेही खरे."

मला त्या क्षणी चार महिन्यांतील मधल्या सुट्या आठवल्या.

शेवटी ते आम्हाला ब्रह्मपुरीत घेऊन गेले. नाहरगडाच्या पायथ्याशी ही जुनी ब्राह्मण वस्ती आहे. तेथील एका हवेलीत, त्यांच्या ओळखीने, आम्हाला आत जाऊन भिंतींवरची जुनी चित्रे पाहता आली. हवेली होती रत्नाकर पुंडरीक यांची. सवाई जयसिंगांचे गुरू, 'जयसिंहकल्पद्रुम' या धर्मशास्त्रावरील ग्रंथाचे कर्ते, आणि महाराष्ट्रीय. जंतरमंतर उभारणाऱ्या राजाच्या पदरी ज्यांनी युक्लिडची भूमिती संस्कृतात आणली, ते सम्राट जगन्नाथ पंडितही महाराष्ट्रीय, हे माटसाबांनी तेथेच सांगितले. बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ साली उत्तरेच्या यात्रेस आल्या तेव्हा जयसिंगांनी त्यांची किती आदराने बडदास्त ठेवली, तेही सांगितले. म्हणजे सवाई जयसिंगांच्या जयपुरात महाराष्ट्राची माणसे गुरू म्हणून, पंडित म्हणून, पाहुणे म्हणून सन्मानाने वावरत होती. पुढच्या पिढीत तीच मैत्री पैशाच्या करारांत आणि तलवारीत बुडाली.

हवेलीच्या दाराशी येता येता भायला चार महिन्यांनी प्रथमच माझ्याशी बोलला. म्हणाला, "दखणी, थारो घर तो अठै ही छै!" तुझे घर तर येथेच आहे की!

मी तेव्हा क्षमा मागितली. "राजाविषयी बोललो ते चुकीचे होते," एवढेच म्हणालो. तो म्हणाला, "मी घरी सांगितले नाही. सांगितले असते तर आजोबांनी तुला पुन्हा उंबरा ओलांडू दिला नसता. आजी रोज विचारते, दखणी कोनी आयो? मी सांगतो, अभ्यास करतो आहे." चार महिने त्या मुलाने माझ्यासाठी स्वतःच्या घरी खोटे बोलून माझी जागा राखून ठेवली होती. परतीच्या गाडीत माटसाब खिडकीशी जाऊन बसले आणि आम्ही दोघे एका बाजूस. संध्याकाळी त्याच्या घरी राबडी प्यालो. मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षेस आम्ही एकाच कंदिलाखाली अभ्यास केला. पुढे अण्णांची बदली झाली आणि माझे चौमूं सुटले.

मैत्री सुटली नाही. पुढे जयपुरात राजस्थान विद्यापीठात शिकत असता एक ग्रंथ माझ्या हाती आला. शिवाजीमहाराजांच्या १६६६ सालच्या आग्रा-भेटीविषयीची तत्कालीन राजस्थानी पत्रे जयपूरच्या दप्तरखान्यात सापडली. जदुनाथ सरकार आणि डॉ. रघुबीरसिंह यांनी संपादित केलेली ती पत्रे १९६३ साली प्रसिद्ध झाली. आमेरच्या पदरी असलेल्या परकालदास नावाच्या कारकुनाने आपल्या वरिष्ठांना रोजच्या घडामोडी लिहून कळवल्या आहेत. महाराज दिसावयास कृश आणि ठेंगणे, वर्ण गोरा, पण ओळख नसली तरी हा माणूस राजा आहे असे पाहणाऱ्यास आपोआप वाटते, अशा आशयाचे वर्णन त्या कारकुनाने केले आहे. दरबारातील बाणेदारपणा, कैदेतील दिवस, आणि मिर्झाराजांचे पुत्र रामसिंग यांनी महाराजांसाठी घेतलेली जोखीम, सारे त्यात आहे. महाराज १७ ऑगस्टला निसटले तेव्हा बादशहाचा रोष पत्करला तो या रामसिंगाने.

त्या पत्रांतील कित्येक शब्द मला उमगेनात. मी ते उतरवून घेतले आणि चौमूंस गेलो. भायल्याने गढीच्या भिंतीशी बसून मला एकेक शब्दाचा अर्थ सांगितला. कारण ती त्याच्या आजीची भाषा होती. माझ्या राजाचे आग्र्यातील डोळ्यांदेखतचे वर्णन त्याच्या मुलखाच्या बोलीत लिहिले गेले आणि त्यांच्या राजाच्या दप्तरात तीनशे वर्षे जपून राहिले. ज्या घराण्याविषयी मी वर्गात तसे बोललो होतो, त्याच घराण्याचे हे दप्तर. मी हे भायल्यास बोलून दाखवले तेव्हा तो म्हणाला, "मग त्या तिकिटाचा हिशोब फिटला." १९७४ साली मी दिलेले ते टपाल तिकीट त्याने जपून ठेवले होते.

बंधुभगिनींनो, हे सारे मी आज का सांगितले? आपली मुले आणि आता नातवंडे ज्या शाळांत जातात, तेथे तीही कोठे 'दखणी' असतात. नाव निराळे असेल, प्रश्न तोच असतो. कधी ना कधी वर्गात एखादा धडा येतो आणि सारे त्यांच्याकडे पाहतात. त्या क्षणी त्यांच्या खिशात काय असावे, हे आपल्या हाती आहे. मंडळ त्यांना पोवाडा देते, लेझीम देते, गणपतीची आरती देते. हे दिलेच पाहिजे. मलाही अण्णांनी ते दिले होते. पण त्याबरोबर ती आधीची दहा पानेही द्यावी. जी पाने आपल्याला आवडत नाहीत, तीही आपल्याच घरच्या पुस्तकात आहेत. सरदेसाईंनी ती लपवली नाहीत. मग आपण का लपवावी? मुलास ती ठाऊक असली, तर त्यास उभे राहून कोणाच्या मेलेल्या राजाचा अपमान करावा लागणार नाही. तो खरे ते कबूल करील, खोटे ते नाकारील, आणि मधल्या सुटीत डबा उघडील. माझी एक विनंती आहे. मंडळाच्या ग्रंथालयात एक कपाट या प्रांताच्या इतिहासाचे करावे, त्यांच्या भाषेतील पुस्तकांसह, आणि ते मुलांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर असावे.

भायला काही वर्षांपूर्वी वारला. मी भेटीस गेलो तेव्हा मीटरगेज गाडी राहिली नव्हती. रूळ मोठे झाले आहेत, रस्ता चौपदरी झाला आहे, आणि रावण गेटाजवळ उतरल्यावर मला क्षणभर दिशा कळेना. त्याच्या मुलाने मला घरात नेले, राबडी दिली, आणि १९७५ चे ते छायाचित्र आणून दाखवले. पाठीमागे भायल्याने रांगेप्रमाणे सगळ्यांची नावे लिहिली होती. माझ्या जागी माझे नाव नव्हते. तेथे लिहिले होते, "दखणी, म्हारो भायलो."

त्या छायाचित्रात आमच्यामध्ये अकरा मुले आहेत, ती आता कोणास हलवता येणार नाहीत. छायाचित्र एक आठवडा उशिरा काढले असते, तर आम्ही शेजारी असतो. आपल्या मुलांना तो आठवडा थांबावे लागू नये, एवढीच माझी इच्छा आहे.